मिसेस प्रिडींना कोण सांगणार

इंग्लंडातल्या आमच्या विकनबर्नमध्ये माणसाजवळ पैसे किती आहेत हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो कर-खात्याचा माणूस असतो, नाहीतर होऊ घातलेला जावई. पण त्या पैशांवर टक्के किती मिळतात, हे मात्र कुणीही कुणाला कुठेही विचारतं. चर्चच्या पायऱ्यांवर विचारतात, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात बोळा असताना विचारतात. गेल्या हिवाळ्यात हॅरल्ड विंटलला पुरून परत येताना माझ्या पुढचे दोघे हळहळत होते ते असं: "बिचारा. पाच वर्षांसाठी सव्वाचार टक्क्यांनी बांधून ठेवले होते रे त्यानं. निम्मीसुद्धा भोगली नाहीत."

तेव्हा माझ्या खात्यात किती होते, हे मी इथेही सांगणार नाही. वाचक कितीही जवळचा असला तरी शेवटी वाचकच. टक्के सांगतो. दोन पूर्णांक नऊ.

यात लाज वाटण्यासारखं काही आहे, हे मला रोलंड टटमुळे कळलं. रोलंड आमच्या डावीकडच्या कुंपणापलीकडे राहतो. आयुष्यभर विमा कंपनीत होता, त्यामुळे माणूस दिसला की तो आधी त्याचं काय काय बिघडू शकेल हे बघतो. फेब्रुवारी संपत आला होता. रोलंड कुंपण छाटत होता आणि मी उगाच फावडं घेऊन उभा होतो.

"क्लाइव्ह, यंदा आयसावर किती मिळतंय तुला?"

आयसा म्हणजे आमच्याकडचं बिनकराचं बचत खातं. त्यातल्या व्याजाला सरकार हात लावत नाही. सरकारनं हात न लावलेली वस्तू या देशात दुसरी नसल्यामुळे लोक त्या खात्याविषयी आवाज खाली आणून बोलतात.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"ठीक म्हणजे?"

"तिनाच्या आसपास."

"वरच्या आसपास की खालच्या?"

मी फावडं मातीत रोवलं. रोलंडनं कात्री खाली ठेवली. एखाद्याच्या घरी मयत झाल्याचं कळल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "ग्लेनिसला माहीत आहे?"

ग्लेनिस म्हणजे माझी बायको. तिला माहीत नव्हतं. तिच्या खात्यात किती आहेत आणि किती टक्क्यांनी, हे मलाही माहीत नव्हतं. आयसा खातं ज्याचं त्याचं असतं, नवरा-बायकोचं मिळून काढता येत नाही. सरकारनं हा नियम का केला कोण जाणे, पण त्यामुळे कित्येक संसार टिकले असावेत.

पुढचे काही दिवस मी दर बघण्यात घालवले. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगतो, करू नका. एका बँकेचा दर उत्तम, पण वर्षभरानंतर तो निम्म्यावर येतो आणि ही गोष्ट मुंगीएवढ्या अक्षरात तळाला असते. दुसरीचा त्याहून उत्तम, पण वर्षात तीनदा पैसे काढले तर दर रुसतो. तिसरीचं नाव शांपूसारखं होतं. चौथीला शाखाच नव्हती, फक्त मोबाइलवर एक हसणारा अस्वलाचा चेहरा होता, आणि जन्मभराची पुंजी मी अस्वलाला देणार नव्हतो. शेवटी जवळच्या श्रूजबरी शहरात विटांची, खरीखुरी, दारात पायपुसणं असलेली एक बँक सापडली. साडेचार टक्के. मी रोलंडला सांगितलं. आनंद लपवून सांगितलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "नव्या बँकेत बदलीचा फॉर्म भर. ते तुझ्या पतपेढीकडून परस्पर मागवून घेतील. स्वतः काढायला जाऊ नकोस."

"का?"

हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. रोलंडनं ते वाक्य अशा स्वरात उच्चारलं की त्यावर 'का' विचारणारा माणूस आणि चमचा कुठल्या हातात धरायचा हे विचारणारा माणूस यांत काही फरक राहिला नसता. मी "अर्थातच" म्हणालो.

अडचण फॉर्मची नव्हती. अडचण मिसेस प्रिडींची होती.

आमची पतपेढी म्हणजे दोन काउंटर, एक कुंडी आणि मिसेस प्रिडी. दुसऱ्या काउंटरवर कधीच कुणी नसतं. गेली वीस-बावीस वर्षं त्या मला ओळखतात. माझा पाय सुजला तेव्हा कुठल्या पायात सूज आहे हे त्यांना माझ्या डॉक्टरआधी ठाऊक होतं. माझी आई गेली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. आता उद्या त्यांच्या टेबलावर नव्या बँकेचं पत्र येऊन पडणार: क्लाइव्ह पार्जेटर आपल्याला सोडून चालले आहेत, त्यांचं सामान बांधून द्यावं. त्या पत्रावर त्यांना सही करावी लागणार. आणि मग बाजारात, बेकरीत, कुठेही त्या भेटल्या की मला म्हणणार, "कसे आहात मिस्टर पार्जेटर?" तेवढंच म्हणणार, दुसरं काही नाही.

मी तीस वर्षं कौंटीच्या रस्तेखात्यात नोकरी केली. अख्ख्या गावाची गाडी उभी करायची सोय मी एका सहीनं बंद केलेली आहे. पण समोरासमोर एखाद्या बाईला 'तुमच्यापेक्षा दुसरीकडे जास्त मिळतं' असं सांगायचं, हे आमच्याच्यानं होत नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या न आवडलेली भाजी 'छान झालीय' म्हणत संपवलेली माणसं.

म्हणून मी ठरवलं की स्वतः जायचं, काहीतरी घरगुती कारण सांगायचं, चेक घ्यायचा आणि गुपचूप श्रूजबरीला नेऊन भरायचा. मिसेस प्रिडींच्या टेबलावर पत्र नाही, मनात किंतू नाही.

गेलो. माझ्यामागे रांगेत मिस ओकशॉट येऊन उभ्या राहिल्या. या आमच्या उजवीकडच्या शेजारी. पियानो शिकवायच्या, त्यामुळे कान अजून शाबूत. मी काचेला तोंड चिकटवून सांगितलं, "सगळे."

"सगळे?" मिसेस प्रिडींनी चष्मा काढला. "मिस्टर पार्जेटर, मला विचारावंच लागतं, राग मानू नका. कुणी फोन करून तुम्हाला पैसे काढायला सांगितलं नाही ना? हल्ली फार लोक फसवतात."

"छे छे. घरचं काम काढलंय."

"कसलं काम?"

घरी मी 'घरचं काम' इथपर्यंतच तालीम केली होती. पुढचा प्रश्न येईल हे ध्यानात आलं नव्हतं. माझी नजर भिंतीवर गेली. तिथे पतपेढीची जाहिरात होती आणि त्यात एक वयस्कर जोडपं काचेच्या खोलीत बसून चहा पीत होतं.

"काचेची खोली," मी म्हणालो. "मागे, बागेत."

मिसेस प्रिडींचा चेहरा उजळला. "अगं बाई. ग्लेनिसला किती वर्षांपासून हवी होती."

हे मला नवीन होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला हे सांगितलं असेल तर मी त्या वेळी पेपर वाचत असणार. मिसेस प्रिडी आणखी काहीतरी सांगत होत्या, उरले तर अमुक, एप्रिलच्या आत तमुक. मी हो हो म्हणत चेक खिशात घातला आणि बाहेर पडलो. मागून मिस ओकशॉट माझ्याकडे बघून हसल्या. मी टोपीला हात लावला. माझ्या मनात तेव्हा फक्त साडेचार टक्के होते.

श्रूजबरीच्या बँकेत काउंटरवरच्या मुलीनं आधी पत्त्याचा पुरावा मागितला. आमच्या घरी गॅस, वीज, पाणी, सगळी बिलं ग्लेनिसच्या नावावर. त्या मुलीनं सगळं चाळून मला अतिशय सौम्यपणे विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे राहता का?" शेवटी घरपट्टीच्या पावतीवर माझं नाव सापडलं. जन्मात पहिल्यांदा मी घरपट्टीला दुवा दिला.

मग तिनं चेक पाहिला. "हा आयसामधून काढलाय?"

"हो. आता तुमच्या आयसात भरायचाय."

"यातले फक्त वीस हजार पौंड भरता येतील. या वर्षाची मर्यादा तेवढीच. बाकीचे बाहेर."

"पण ते आतलेच आहेत. फक्त इथवर आणलेत."

"तेच झालं ना, सर. तुम्ही आणलेत."

मग तिनं मला जे समजावून सांगितलं ते असं. हे पैसे सोवळ्यातले. एका बँकेनं दुसऱ्या बँकेकडून परस्पर घेतले तर सोवळं टिकतं. मधे मालकानं हात लावला की ओवळं. मग ते पैसे तुम्ही रस्त्यानं आणा की हेलिकॉप्टरनं, पुन्हा आत शिरायला वर्षाला वीस हजारांचीच खिडकी, आणि बाहेर राहतील त्यांच्या व्याजावर कर-खात्याची नजर. माझा आकडा वीस हजारांपेक्षा मोठा होता. यापेक्षा जास्त सांगत नाही. वर्षानुवर्षं सुट्टीला स्पेनऐवजी वेल्समध्ये पावसात बसून जे साठवलं होतं, ते मी कोटाच्या खिशात घालून एका बसप्रवासात बाटवलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"हा चेक सध्या कुठेच भरू नका. आणि जुन्या पतपेढीला विचारा, तुमचं खातं लवचीक आहे का."

मला कुणाला विचारायचं होतं? मिसेस प्रिडींना?

त्या संध्याकाळी घरी आलो तर दारातच भाजलेल्या कोकराचा वास. मंगळवार होता. आमच्याकडे मंगळवारी उरलंसुरलं असतं. ग्लेनिसनं माझा कोट काढून घेतला आणि माझ्या गालावर ओठ टेकवले. मी भिंतीचा आधार घेतला.

"मिस ओकशॉट आल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, 'ग्लेनिस, मला अजिबात हरकत नाही.' मला कळेना कशाला. मग कळलं." तिचे डोळे भरून आले होते. "चाळीसाव्या वाढदिवसाला देणार होतास ना? लग्नाच्या?"

लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात होता. मला तो ती म्हणाली तेव्हा आठवला. त्या क्षणी खरं सांगायला फक्त एक श्वास लागला असता. पण ताटात कोकरू होतं, पुदिन्याची चटणी होती, आणि समोर अशी बाई बसली होती जिनं अनेक वर्षांत माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "बघू, अजून नक्की काही नाही." तिनं ते विनयात जमा केलं.

पुढे सगळं भराभर झालं. डॅरेल नावाचा बांधकामवाला आला. त्यानं बागेत फिरून दातांतून हवा आत ओढली, फीत टाकली, पुन्हा हवा ओढली. अठरा हजार पौंड. ग्लेनिसनं वेताच्या खुर्च्या बघून ठेवल्या, पडद्यांची कापडं सोफ्यावर पसरली. लोक एरवी सरकारी दिरंगाईला शिव्या घालतात. मी तिच्यासाठी प्रार्थना करत होतो. मनात म्हटलं, कौन्सिलची परवानगी लागेल, त्यात उन्हाळा निघून जाईल. माझ्याच जुन्या कचेरीत अर्ज टाकला. तीस वर्षांत त्या इमारतीतून एकही कागद महिन्याच्या आत बाहेर पडलेला मी पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी उत्तर: एवढ्या खोलीला परवानगी लागत नाही, खुशाल बांधा, शुभेच्छा. मग पाणी कंपनीला कळवलं की हिरवळीखाली सार्वजनिक गटार असावं असा मला दाट संशय आहे. त्यांनी माणूस पाठवला. त्यानं खणून दाखवलं की गटार रोलंडच्या हिरवळीखाली आहे. रोलंड अजून माझ्याशी त्यावरून नीट बोलत नाही.

शेवटची आशा मिस ओकशॉट. मी त्यांच्याकडे चहाला गेलो.

"तुमच्या स्वयंपाकघरातला उजेड जाईल," मी म्हणालो.

"दुपारचा थोडासाच."

"डॅरेलची माणसं सकाळी सातला ठोकाठोकी सुरू करतात."

"मी लवकर उठते, मिस्टर पार्जेटर."

"तुम्ही मोकळेपणानं विरोध केलात तरी आम्हाला राग येणार नाही. उलट..."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना मनापासून ती खोली नको होती, हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून कुणालाही कळलं असतं. "मला अजिबात हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि नव्या खोलीत ठेवायला म्हणून मला त्यांचं एक झाड दिलं. दोन भित्री माणसं एकमेकांसमोर बसली की असं होतं. कुणालाच नको असलेली गोष्ट एकमतानं मंजूर होते.

या काळात मी फार घाबरलेला माणूस होतो. टपालाच्या फटीतून तपकिरी पाकीट पडलं की मला वाटे, कर-खात्याचं. एकदा ते कुत्र्याच्या बिस्किटांच्या जाहिरातीचं निघालं. आमच्याकडे कुत्रा नाही, म्हणून मला ते जास्तच संशयास्पद वाटलं. चेक मी जुन्या करड्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता, कारण तो कोट कुणी घालत नाही. तेच कारण ग्लेनिसलाही पटलं. खुर्च्यांसाठी अडगळ उपसताना तिनं तो धर्मादाय दुकानात देऊन टाकला. मला जेवताना कळलं. सकाळी दुकान उघडायच्या आत मी दारात होतो. तिथे सेवा म्हणून कोण बसतं? मिस ओकशॉट. कोट खिडकीतल्या पुतळ्याच्या अंगावर होता आणि त्याला सहा पौंडांची चिठ्ठी लावली होती.

"हा तुम्हाला शोभून दिसेल," त्या म्हणाल्या. त्या बाईला माझी दया आली होती की कोट माझाच होता हे कळलं नव्हतं, ते मला आजही ठाऊक नाही. मी सहा पौंड मोजले आणि गल्लीत जाऊन खिसा चाचपला. चेक होता.

मग मात्र मी कुंपणाशी गेलो.

"रोलंड, माझ्या एका मित्राची गोष्ट आहे."

"हं."

"त्यानं आयसातले पैसे स्वतः काढले. चेक तसाच त्याच्याजवळ आहे."

रोलंडनं गटारासाठी खणलेल्या खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्या त्या मित्राला सांग की तो गाढव आहे."

"ते त्याला माहीत आहे. पुढे?"

"विकनबर्न पतपेढीचं खातं लवचीक असतं. याच कर-वर्षात, त्याच खात्यात परत भरले तर काही बिघडत नाही, मधे काही झालंच नाही असं धरतात. वर्ष पाच एप्रिलला संपतं. सहाला सकाळी तुझ्या मित्राचं सोवळं कायमचं गेलं."

"मित्राला काउंटरवर जायला भीती वाटते."

"बायकोची?"

"काउंटरवरच्या बाईची."

रोलंडनं पुन्हा कात्री उचलली.

त्या वर्षी पाच एप्रिल शनिवारी आला होता, आणि शाखा शनिवारी बाराला बंद होते. सोमवारी डॅरेल खणायला येणार होता आणि त्याला आगाऊ रक्कम हवी होती. मी रोज सकाळी ठरवायचो की आज ग्लेनिसला सांगायचं, आणि रोज ती मला पडद्याचं आणखी एक कापड दाखवायची. असं करत करत शनिवारची न्याहारी आली. आता पुढे ढकलायला कॅलेंडरच उरलं नव्हतं.

"ग्लेनिस, काचेची खोली नाहीये."

"अजून नाहीये. सोमवारी येतात."

"म्हणजे नव्हतीच. मी मिसेस प्रिडींना थाप मारली."

ती टोस्टला मार्मलेड लावत होती. सुरी थांबली नाही. "का?"

"पैसे दुसऱ्या बँकेत न्यायचे होते. ते त्यांना कसं सांगायचं?"

"आणि मला?"

"तुला सांगणं त्याहून अवघड होऊन बसलं." मग मी सगळं सांगितलं. चेक, सोवळं, गटार, कोट. कोटावर ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"म्हणजे पॉलिन प्रिडीला वाईट वाटू नये म्हणून तू तिला खोटं सांगितलंस," ती म्हणाली, "आणि मला वाईट वाटू नये म्हणून इतके दिवस मला दुकानादुकानांतून खुर्च्यांवर बसून बघू दिलंस."

"हो."

"मी आईला फोन करून सांगितलं, क्लाइव्ह. ती नव्वद वर्षांची आहे. तिनं तिथे घालायला म्हणून हॅट काढून ठेवलीय."

चहा गार झाला. मला वाटत होतं की तिनं काहीतरी फेकावं. आमच्याकडे फेकत नाहीत.

"चाळीस वर्षं झाली," ती शेवटी म्हणाली, "आणि तू कुणाला किती घाबरतोस याचा क्रम मला आज कळला. मी दुसरी." तिनं बशी उचलली. "ऊठ. कोट घाल. तो करडा नको."

बाजाराचा दिवस. गाडी लावायला जागा नाही. पतपेढीसमोरची अख्खी बाजू मी स्वतः, नोकरीत असताना, पिवळ्या रेघा मारून बंद केली होती. ग्लेनिस काही म्हणाली नाही, फक्त त्या रेघेकडे बघितलं. गाडी स्टेशनजवळ लावून आम्ही जवळजवळ पळतच आलो.

आत रांग. सगळ्यात पुढे एक आजोबा समुद्रात बुडणाऱ्या बोटींच्या मदतनिधीची चिल्लर घेऊन आलेले, आणि मिसेस प्रिडी ती पेनी-पेनीनं रचत होत्या. त्यांच्यामागे दोन बायका, मग रोलंड टट, मग आम्ही. घड्याळ बाराच्या दिशेनं चाललेलं. आमच्याकडे रांगेत 'मला जरा पुढे जाऊ द्याल का' असं म्हणणं म्हणजे अनोळखी माणसाच्या ताटातला बटाटा उचलण्यासारखं आहे. जन्मभराची पुंजी बाटली तरी चालेल, बटाटा नाही. मी चेक मुठीत धरून उभा राहिलो. चिल्लरीतलं एक नाणं घरंगळून कुंडीमागे गेलं तेव्हा मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

"रोलंड," ग्लेनिस म्हणाली, "बाजूला हो. तुम्हीही जरा थांबाल का? माझा नवरा घाबरलाय."

सगळे बाजूला झाले. कुणाचाही जीव गेला नाही.

मिसेस प्रिडींनी चेक बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "अरेरे. खोलीचं फिसकटलं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते देवाला ठाऊक. 'डॅरेलचा पाय मोडला' असं काहीतरी तयार होत होतं.

"पॉलिन," ग्लेनिस म्हणाली, "त्याला पैसे दुसरीकडे न्यायचे होते. जास्त टक्के मिळतात म्हणून. तुला सांगायला घाबरला आणि मधल्या मधे स्वतःच काढून बसला."

मी जमिनीकडे बघत होतो. काउंटरपुढच्या पायपुसण्यावर 'सुस्वागतम्' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं.

"दुसरीकडे किती देतात?" मिसेस प्रिडींनी विचारलं.

"साडेचार," मी पायपुसण्याला सांगितलं.

"आम्हीही तेवढेच देतो. जुन्या सभासदांना दोन-तीन वर्षांपासून. नुसतं मागायचं असतं, मिस्टर पार्जेटर." त्या शिक्का मारू लागल्या. "त्या दिवशी सांगणारच होते, पण तुम्ही इतके घाईत होतात. हे आजच्या तारखेला परत जमा झाले. इथे सही करा, दरही बदलून देते. यासाठी श्रूजबरीला गेलात? बसनं?"

मी सही केली. सही माझी वाटत नव्हती. पण पैसे आत होते, सोवळ्यात, आणि बाराला अजून थोडा अवकाश होता. किती तरी दिवसांनी मी पोटापर्यंत श्वास घेतला.

"मग खोली राहिलीच म्हणायची," मिसेस प्रिडी म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"छे," ग्लेनिस म्हणाली. "सोमवारी खणायला येतात. पैसे मी देतेय."

"तुझ्या आयसातून काढायचे आहेत? मग सोमवारीच काढ, म्हणजे परत भरायला अख्खं नवं वर्ष..."

"मुद्दलाला कशाला हात लावायचा? साडेचारनं व्याज दर महिन्याला वेगळ्या खात्यात पडतं ना. गेल्या दोन वर्षांचं तसंच पडून आहे. त्यात डॅरेलचं भागतंय."

रांगेत हिशोब सुरू झाले. अठरा हजार गावात सगळ्यांना ठाऊक होते. दोन वर्षं, साडेचार टक्के. चिल्लरवाले आजोबा छताकडे बघू लागले. रांगेतल्या दोन बायकांपैकी एकीची बोटं पर्सवर हळूहळू उघडमीट करत होती. मीही मोजत होतो. वर्षाला नऊ हजार, म्हणजे मुद्दल... पहिल्यांदा उत्तर आलं ते मी चूक धरलं. पुन्हा केलं. तेच आलं. दहा-बारा वर्षांपूर्वी तिच्या मावशीचं ॲबरिस्टविथचं घर विकलं गेलं तेव्हा मी काही विचारलं नव्हतं, हे मला तिथे काउंटरवर हात ठेवून उभं असताना आठवलं. आणि दरही साडेचार. म्हणजे तिनं मागितला होता.

रोलंडचं गणित माझ्याआधी झालं. त्यानं ग्लेनिसकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

ग्लेनिसनं पर्स बंद केली, पॉलिनला बरं येते म्हणाली, आणि दारात जाऊन माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, हात धरायचाय.

"गाडीची किल्ली," ती म्हणाली.

मी दिली.